आमदार निधी म्हणजे नेमके काय?

मंगरूळपीर तालुका वाशीम विधानसभा मतदारसंघात येतो. तिथल्या एखाद्या गावात रस्ता, सभामंडप किंवा हातपंप हवा असला, की ‘आमदारांनी निधी द्यावा’ अशी मागणी होते. त्यामुळे ही रक्कम आमदारांच्या हातात असते, असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात तसे नाही.

आमदार स्थानिक विकास कार्यक्रम ही राज्याच्या अर्थसंकल्पातील (वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज) तरतूद आहे. 2022 मध्ये ती प्रत्येक आमदारामागे वर्षाला चार कोटींवरून पाच कोटी रुपये झाली. आमदार कामे सुचवतात. प्रशासकीय मान्यता (काम व खर्चाला अधिकृत मंजुरी) आणि पैशाचे वितरण जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. घरात किराण्याची यादी एकाने करावी आणि पैसे दुसऱ्याने चुकते करावेत, तशी ही विभागणी आहे.

हा निधी मुख्यतः सार्वजनिक उपयोगाच्या टिकाऊ कामांसाठी असतो. एखाद्या रुग्णाच्या शस्त्रक्रियेसारख्या वैयक्तिक गरजेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही वेगळी वाट आहे. तिचे पाच लाखांपर्यंतचे वार्षिक संरक्षण माणशी नसून संपूर्ण कुटुंबाला मिळून असते आणि ते अंगीकृत (योजनेशी करार केलेल्या) रुग्णालयांतच मिळते.

म्हणून गावाच्या कामाची मागणी ग्रामसभेत ठराव करून आमदारांकडे लेखी द्यावी आणि तिच्या मंजुरीची चौकशी जिल्हा नियोजन कार्यालयात करावी. उपचारांसाठी मात्र शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे.