‘डोया’ म्हणणारं पोर मागे पडलंय का?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३ पासून) फिरती पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतात. त्यात भाषाविकासातला उशीरही बघतात. आता जळगाव-धुळ्यातलं अहिराणी बोलणारं घर घ्या. डोळ्याचं चित्र दाखवलं, पोर म्हणालं ‘डोया’. प्रमाण मराठीची फूटपट्टी लावली तर उत्तर चूक. पण अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतोच! म्हणजे आपण उशीर मोजलाच नाही, बोली मोजली. उलट ‘बोलीमुळे असेल’ म्हणून सोडून दिलं, तर कमी ऐकू येणारं मूल निसटतं. म्हणून आधी विचारा: घरची भाषा कोणती? त्या भाषेत मूल किती बोलतं? नीट ऐकू येतं का? आणि लक्षात ठेवा, चाळणी म्हणजे निदान नव्हे.