पर्जन्यमानाचे गणित आणि मुंबईची उपनगरे

२६ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठ वाजल्यापासूनच्या चोवीस तासांत सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच अवधीत कुलाबा येथे केवळ ७३ मिलिमीटर पाऊस पडला. या आपत्तीत मुंबईत चारशेहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. साकीनाका येथे दरड कोसळून घरे गाडली गेली. एकाच महानगरातील ही तफावत पाहता, केवळ शहराच्या सरासरी पर्जन्यमानावरून उपनगरांतील नाल्यांची रचना ठरविता येणार नाही, हे उघड आहे.

बोरिवली ते मुलुंड यांच्या दरम्यानच्या डोंगराळ प्रदेशातून दहिसर, पोईसर, ओशिवरा व मिठी या नद्यांना पाणी मिळते. या नद्या आखूड आहेत. उतारावरील पाणी अल्पावधीत सखल भागात येते आणि भरतीच्या वेळी ते समुद्रात सामावत नाही. म्हणूनच एकूण पाऊस किती यापेक्षा तो किती वेळात पडला, हे अधिक महत्त्वाचे असते. जुनी जलनिस्सारण व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून उभारलेली होती. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही क्षमता ताशी ५० मिलिमीटर करण्याची शिफारस केली.

अशा प्रश्नांना संख्याशास्त्राची जोड देण्याचे कार्य आपल्या देशात प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी केले. ते १९२२ ते १९२६ या काळात अलीपूर वेधशाळेत हवामानशास्त्रज्ञ होते. उत्तर बंगालमधील १९२२ च्या महापुरानंतर पाणी अडविणारे जलसंचय बांधावेत, असा प्रस्ताव होता. सुमारे पन्नास वर्षांच्या पाऊस-पुराच्या नोंदी तपासून त्यांनी दाखवून दिले की, तेथे खरी गरज पाण्याच्या जलद निचऱ्याची आहे. ओरिसातील १९२६ च्या पुरानंतर नदीचे पात्र उंचावल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला होता. तोही नोंदींच्या कसोटीवर टिकला नाही.

पुढे १९४१ मध्ये गणितज्ञ एमिल गुंबेल यांनी पुरांच्या ‘पुनरावृत्तिकाला’ची मांडणी केली. ‘पन्नास वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हणजे एकदा आला की पन्नास वर्षे निर्धास्त, असा अर्थ नव्हे. तो कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता शेकडा २ असते. मात्र पंचवीस वर्षांच्या कालावधीत तो किमान एकदा येण्याची शक्यता शेकडा ४० च्या घरात जाते. नाल्याचा आकार ठरविताना किंवा डोंगरपायथ्याशी वस्तीला परवानगी देताना हा हिशेब डोळ्यांआड करणे परवडणारे नाही.

या गणिताचा पाया म्हणजे अखंड आणि प्रामाणिक नोंदी. शाळेच्या आवारातील साधे पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठ वाजता वाचून नोंदवहीत आकडा लिहिणे, ग्रामपंचायतीने पुलाच्या खांबावर पुराच्या पाण्याची खूण करून तारीख नोंदविणे, ही कामे अल्प खर्चाची आहेत. त्यांचे मोल मात्र पुढील पिढ्यांना कळेल.