घोड्यावरचे अर्जदार

सोलापूरच्या जिल्हाधिकारी कचेरीला मोर्चे नवे नाहीत. विडी कामगार स्त्रियांचे, यंत्रमाग कामगारांचे, उसाच्या दराचे, दुष्काळात चारा-पाण्याचे असे नाना तऱ्हांचे मोर्चे त्या फाटकापर्यंत येऊन गेले आहेत. परंतु २१ डिसेंबर २०२२ रोजी जो मोर्चा तेथे थडकला, त्याने बंदोबस्तावरच्या शिपायालाही क्षणभर गोंधळात टाकले असेल. डोक्याला फेटे, कपाळावर मुंडावळ्या, खाली घोडा आणि पुढे वाजंत्री अशा थाटात नवरदेव चालून आले होते. लग्नाचे सारे साहित्य यथासांग जमलेले होते, फक्त नवरी नव्हती. ती नव्हती, हीच तर त्यांची तक्रार होती.

ज्योती क्रांती परिषद या संघटनेने हा मोर्चा काढला आणि त्याचे पुढारीपण मोहोळचे रमेश बारसकर यांच्याकडे होते. उपवर तरुणांना मुली मिळत नाहीत, तेव्हा सरकारने लक्ष घालावे आणि गर्भलिंगनिदानास बंदी करणारा कायदा कडकपणे अमलात आणावा, अशा आशयाचे निवेदन देण्यात आले. लोक हसले. हसणारच. निवेदन म्हटले की रस्ता, रॉकेल, रेशन अशी आपली समजूत. तेथे कोणी बायको मागू लागला तर जिल्हाधिकाऱ्याने ती कोणत्या खात्याकडे वर्ग करावी? महसूल की पुरवठा? दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत घोड्यांची छायाचित्रे मोठी आणि मागण्या लहान छापून आल्या. तथापि घोडे नसते, तर मागण्या तेवढ्याही छापून आल्या नसत्या, हे पुढाऱ्यांना पुरते ठाऊक असावे.

मोहोळ हे तसे वाटेवरचे गाव. पुणे-सोलापूर महामार्ग गावाजवळून जातो, मुंबईहून मद्रासकडे जाणारा लोहमार्गही जातो, आणि पंढरपूरची वाट येथूनच फुटते. नागनाथाचे ठाणे, सीनेचे पाणी, टाकळी सिकंदरचा साखर कारखाना, ऊस, डाळिंब, ज्वारी. अशा ठिकाणच्या तिशी गाठलेल्या अविवाहिताचा दिवस कसा जातो, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना मोर्चातला विनोद तेवढा दिसतो. शेतीपंपाची वीज आठवड्यातून कित्येक दिवस रात्रीची असते. उसाला पाणी पाजून पहाटे तो घरी येतो, तेव्हा आई चुलीशी बसलेली असते. ती बोलत काही नाही. नुसती भाकरी थापते, पण थापण्याचा आवाज रोजच्यापेक्षा जरा मोठा असतो. आदल्या दिवशी गावात कोणाचे तरी लग्न ठरले, एवढे त्यावरून समजावे.

लग्नसराईत तर त्याला घर सोडून पळावेसे वाटते. पळता येत नाही, कारण मित्रांची लग्ने त्याच्याशिवाय पार पडत नाहीत. मांडव घालणे, पंगतीत बुंदी वाढणे, रुसलेल्या फुफाजींची समजूत काढणे, ही सारी कामे अविवाहिताकडे येतात. दोन-तीन डझन लग्नांत अंतरपाट धरून धरून त्याचा हात असा बसलेला असतो की, मंगलाष्टके संपण्याआधी तो कधी खाली येत नाही. अशा वेळी मांडवाच्या खांबाला टेकून बसलेले एखादे वडीलधारे हमखास विचारतात, "काय रं, औंदा बार उडवायचा का न्हाई?" आणि तो हसून म्हणतो, "तुमी पोरगी दावा की तात्या, उद्याच उडवू." तात्यांनाही दोन मुलगे बिनलग्नाचे असतात. विषय पावसावर जातो.

शहरातला वाचक म्हणेल, मग प्रेमविवाह करावा. पुण्यातल्या मुलामुलींना हॉटेलात बसून एकमेकांची पारख करता येते, त्याला 'डेटिंग' असे सुटसुटीत नावही मिळाले आहे. मोहोळसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रयोग करून पाहणाऱ्याला त्यातली अडचण लगेच कळते. एस. टी. स्थानकाजवळ दोघांनी चहा घेतला, तर कप विसळले जाण्यापूर्वी बातमी दोन्ही घरी पोचलेली असते. शिवाय टेबलाशी खुर्च्या दोन दिसल्या तरी बसलेले अनेक असतात: दोघांच्या जाती, भावकी, मुलीचा मामा, आणि मुलाचा सातबारा. भ्रमणध्वनीमुळे एवढा फरक पडला की, चहाऐवजी निरोपांवर भागते. विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळावर तो स्वतःचे छायाचित्र चढवतो. ट्रॅक्टरजवळ काढलेले चांगले आलेले असते, पण मित्राच्या सल्ल्याने तो दुसरेच, चारचाकीला टेकलेले चढवतो. गाडी मित्राची असते. व्यवसायाच्या रकान्यात 'शेती' लिहिले तर एकही उत्तर येत नाही, 'शेती व व्यवसाय' लिहिले तर दोन येतात. पुढील प्रश्न व्यवसाय कोणता असा असतो, आणि तेथे संभाषण संपते.

पूर्वी कांदेपोह्यांच्या बैठकीत घाम मुलीला फुटत असे. तिने चालून दाखवावे, वाचून दाखवावे, सुईत दोरा ओवून दाखवावा, आणि मंडळींनी 'कळवतो' म्हणून निघून जावे. विदर्भातल्या खेड्यातल्या अशा बैठकींवर जयंत दिगंबर सोमलकर यांनी 'स्थळ' हा चित्रपट काढला. २०२३ साली तो टोरांटोच्या महोत्सवात गौरवला गेला. पाहणाऱ्यांची ती तऱ्हा अजून संपलेली नाही. पण तिच्याशेजारीच एक उलटी बैठकही आता सुरू झाली आहे. मुलीकडची मंडळी येतात, घराला स्लॅब आहे का हे पाहतात, न्हाणीघर आत आहे की बाहेर हे विचारतात, आणि मग मुलीची मावशी हळूच मुद्द्याला हात घालते, "पुण्यात काय बघितलंय का न्हाई?" शेती असावी, मात्र जावई शेतकरी नसावा, ही या बाजारातली सर्वमान्य अट आहे. कृषी पदवीधराच्या या फजितीवर २०२४ साली 'नवरदेव बीएस्सी अॅग्री' नावाचा चित्रपटही निघाला. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली 'शारदा' रंगभूमीवर आणले, तेव्हा पैशाच्या जोरावर म्हातारा कोवळी मुलगी विकत घेऊ पाहत होता. सव्वाशे वर्षांनी तरुण घोड्यावर बसून सरकारकडे अर्ज करतो. देवलांना यावर आणखी एक अंक नव्हे, तर स्वतंत्र नाटक लिहावे लागले असते.

आता थोडे गणित. शिक्षकांना ते नवे नाही, पण मोर्चाच्या गदारोळात ते नीट मांडले गेले नाही. निसर्गतः हजार मुलांमागे साधारणपणे ९५० मुली जन्माला येतात. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हे प्रमाण १९९१ च्या जनगणनेत ९४६ होते, म्हणजे निसर्गाच्या जवळपास. २००१ मध्ये ते ९१३ झाले, आणि २०११ मध्ये ८९४. मधल्या काळात कायदा नव्हता असे नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला. केंद्राचा त्यानंतर १९९४ साली आला. कायदा कागदावर होता आणि सोनोग्राफीचे यंत्र गावागावांत होते. २००१ च्या मोजणीतली बाळे मोर्चाच्या दिवशी एकवीस ते सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची झालेली होती. २०११ ची अजून लग्नाच्या बाजारात यायची होती. घोड्यांची मागणी वाढणार आहे, ती घटणार नाही.

पण हजारामागे चाळीस-पन्नास मुलींची तूट एवढ्याने गावेच्या गावे बिनलग्नाची का राहावीत? तेथे दुसरे एक गणित काम करते आणि त्याकडे कोणी फारसे पाहत नाही. नवरा बायकोपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असावा, अशी आपली रूढी. दरसाल जन्मणाऱ्यांची संख्या वाढत होती, तोवर तरुणांच्या मागून येणारी मुलींची फळी आपोआप मोठी असे, आणि 'पदरात उपवर मुलगी' हा बापाचा घोर असे. हुंड्याच्या माजाला या गणिताचीही साथ होती. आता जन्म घटत चालले आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी अपत्ये १.७ भरली. मागची फळी लहान होत गेली की, मोठ्या वयाच्या मुलांना लहान वयाच्या मुली पुरत नाहीत, मग गर्भात कोणी मारलेली असो वा नसो. वयाचे हे अंतर मिटवले तर तुटीचा बराच भाग भरून निघेल, पण समवयस्क किंवा वर्षभराने मोठी मुलगी सून म्हणून आणायला निघालेला मोर्चा अद्याप कोठे दिसलेला नाही.

आणि ही तूट सर्वांवर सारखी वाटली जात नाही. मुलीचे आईबाप तिला एक पायरी वर देऊ पाहतात. यात त्यांचे काय चुकले? दुष्काळात टँकरमागे धावलेल्या, कारखान्याच्या बिलासाठी महिनेन्महिने थांबलेल्या बापाला, आपल्या मुलीने तेच पुन्हा भोगू नये असे वाटते. त्यामुळे पुण्याच्या संगणक अभियंत्याला मुलगी मिळते, सोलापूरच्या कारकुनाला उशिरा का होईना मिळते, आणि तूट पायऱ्यापायऱ्यांनी घसरत अखेर कोरडवाहू चार एकरांच्या मालकाच्या ओट्यावर येऊन बसते. त्याच्याही खाली भूमिहीन मजूर आहे. तो मोर्चात नव्हता, कारण भाड्याने घोडा घेणे त्याला परवडत नाही.

मुलींचे भाव वधारले, तेव्हा त्यांचे बरे झाले असेल, असा एक समज या चर्चांतून डोकावतो. तो भाबडा आहे. 'मुलगी आणि नारळ' एवढ्यावर लग्ने होऊ लागली, काही ठिकाणी खर्चही वरपक्षच उचलतो, हे खरे. पण त्याच पाहणीत राज्यातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठरापूर्वीच झालेली आढळली. टंचाईची वस्तू लवकर उचलली जाते, हा बाजाराचा नियम मुलींनाही लागू पडतो. मध्यस्थांचा धंदा वाढला आहे. लांबच्या जिल्ह्यांतून, परराज्यांतून मुली 'आणल्या' जातात. कोठे ती मुलगी दागिने घेऊन आठ दिवसांत नाहीशी होते आणि त्याची बातमी होते. कोठे ती परक्या भाषेच्या घरात जन्मभर राहते, त्याची बातमी होत नाही. मोर्चात भाषणे झाली, पण मुलीला काय हवे आहे, हे सांगणारे कोणी त्यात असल्याचे वृत्त नाही.

हा रोग एकट्या सोलापूरचा नव्हे. हरियाणातल्या जिंद जिल्ह्यात अविवाहितांनी २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत उमेदवारांकडे मतांच्या बदल्यात सून मागितली होती. सोलापूरच्या मोर्चानंतर दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, कर्नाटकातल्या मंड्या भागातील अविवाहित शेतकरी तरुण मलेमहादेश्वराच्या डोंगरापर्यंत पायी गेले. त्यांनी गाऱ्हाणे सरकारऐवजी देवापुढे मांडले. कोणाकडून निकाल लवकर लागतो ते पाहायचे. चीनमध्ये अशा पुरुषांना 'बोडक्या फांद्या' म्हणतात. शब्द क्रूर आहे, पण खोटा नाही.

खुद्द सोलापूरच्या ग्रामदैवताची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. सिद्धरामेश्वर हे योगी, ब्रह्मचारी. कुंभाराच्या मुलीने त्यांच्याशी लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपला योगदंड पुढे केला, अशी कथा आहे. दर संक्रांतीच्या सुमारास तो विवाह पुन्हा लागतो, लाखो लोक अक्षता टाकतात. मोर्चानंतर तीनेक आठवड्यांनी हा सोहळा झाला, तेव्हा गर्दीत जिल्ह्यातले उपवर तरुण पुष्कळ असणार. ज्याने लग्न नको म्हटले त्याचे शतकानुशतके दरसाल लागते, हे पाहून त्यांना काय वाटले असेल?

मोर्चातल्या मागण्यांपैकी कायद्याची मागणी सर्वांत शहाणपणाची होती, आणि मोर्चेकऱ्यांच्या सर्वांत कमी उपयोगाची. समजा, निवेदन हाती पडताच यंत्रणा खडबडून जागी झाली आणि १ जानेवारी २०२३ पासून एकही मुलगी गर्भात मारली गेली नाही. त्या दिवशी जन्मलेली मुलगी अठरा वर्षांची होईल २०४१ साली. तेव्हा घोड्यावरचा तिशीतला अर्जदार पन्नाशीला टेकलेला असेल. घोड्यावर बसलेल्यांपैकी काहींना बहीण नाही. का नाही, हे त्यांनी घरी कधी विचारलेले नसते, आणि पहाटे भाकरी थापणारी आई ते आपण होऊन सांगत नाही.

दरम्यान परिचयपत्रे फिरत राहतात. त्यांतला 'अपेक्षा' हा रकाना वाचत गेले तर एकाच माणसाचे दहा वर्षांचे चरित्र हाती येते. पंचविसाव्या वर्षी: गोरी, पदवीधर, निर्व्यसनी घराण्यातील, सोलापूर जिल्ह्यातील. अठ्ठाविसाव्या वर्षी गोरेपणा गळतो. तिसाव्या वर्षी जिल्हा जातो, मग राज्य. बत्तिसाव्या वर्षी 'घटस्फोटित अथवा विधवा चालेल' हे वाक्य येते; तोच मुलगा पंचविशीत असताना हे वाक्य लिहिण्याचे त्याच्या घरात कोणाच्या मनातही आले नसते. पस्तिसाव्या वर्षी त्या रकान्यात एकच शब्द उरतो: 'अनुरूप'. जातीचा रकाना मात्र अजून शाबूत असतो.