तलावाची फेरी : अंतर किलोमीटरचे, हिशेब पाण्याचा

पाऊस थांबून थंडीची चाहूल लागली, की धाराशिव जिल्ह्यातील तलावांकडे पावले वळू लागतात. मराठवाड्यात सप्टेंबरच्या पावसावर बरेच काही अवलंबून असते. तो चांगला झाला, तर ऑक्टोबरअखेर जलाशय भरलेले असतात, रस्ते वाळलेले असतात आणि ऑक्टोबरचा चटकाही ओसरू लागतो. लोहारा तालुक्यात माकणी येथे तेरणा नदी अडवून तयार झालेला निम्न तेरणा जलाशय हा त्यांतलाच एक मोठा पाणीसाठा. त्याची एकूण क्षमता सुमारे 121 दशलक्ष घनमीटर आहे. एवढ्या पाण्याभोवती सायकलने किंवा मोटारीने फेरी मारण्याची कल्पना कोणालाही मोहात पाडेल. मात्र ही फेरी साध्या जाऊन-येऊन सहलीसारखी नसते. तिचे नियोजन शरीराकडे पाहूनच करावे लागते.

काठ वेगळा, रस्ता वेगळा

बुलढाण्यातील लोणारचे सरोवर उल्कापाताने तयार झालेले, म्हणून जवळपास गोल आहे. धरणाचा जलाशय तसा नसतो. नदीचे खोरे भरते तेव्हा तिला मिळणाऱ्या ओढ्यांमध्येही पाणी मागे सरकते आणि तलावाला हाताच्या बोटांसारखे फाटे फुटतात. रस्ता हे फाटे टाळत, पूल शोधत, पाण्यापासून दूर जातो. त्यामुळे नकाशावर तलावाभोवती बोट फिरवून काढलेले अंतर आणि प्रत्यक्ष रस्त्याचे अंतर यांत मोठा फरक पडतो. भ्रमणध्वनीवरील नकाशात एकेका गावाचे नाव टाकून, टप्प्याटप्प्याने रस्ता मोजावा. धरणाच्या भिंतीवरून वाहन नेता येतेच असे नाही, तेव्हा तो मार्ग गृहीत धरू नये.

अर्ध्या वाटेचा नियम

सरळ रस्त्यावर दमलेला माणूस मागे फिरू शकतो आणि जितके आला तितकेच त्याला परत जावे लागते. तलावाच्या फेरीत अर्धी वाट झाली, की पुढे जा किंवा मागे फिरा, अंतर सारखेच उरते. समोर घर दिसते, पण मधे पाणी असते. म्हणून निर्णयाची जागा अर्ध्या वाटेवर नव्हे, एक तृतीयांश वाटेवर ठेवावी. तिथे थांबून तीन प्रश्न विचारावेत. पाणी किती उरले? वाजले किती? आणि सगळ्यांत मागे राहणाऱ्या सोबत्याची अवस्था कशी आहे? एकाही प्रश्नाचे उत्तर मनाजोगे नसेल, तर तिथूनच परतावे.

साठ किलोमीटरची फेरी धरली, तर ताशी 15 किलोमीटर या आरामशीर वेगाने पायडल मारण्याचे चार तास होतात. थांबण्याचा एक तास धरून पाच. डिसेंबरात सकाळी सातला निघालेला गट दुपारी बाराच्या सुमारास परततो. व्यायामात तासाला साधारण अर्धा ते एक लिटर घाम जातो. म्हणजे चार तासांत सुमारे तीन लिटर पाणी लागते. सायकलला लावलेल्या दोन बाटल्यांत मावते दीड लिटर. बाकीचे कुठे भरायचे, ते गाव आधीच ठरवून ठेवावे.

थंडीत इथे फसगत होते. हवा कोरडी असते आणि सायकलवर सतत वारा लागतो. त्यामुळे घाम अंगावर दिसण्यापूर्वीच वाळतो. तहान लागत नाही, पण पाणी कमी होतच राहते. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट घेणे हा त्यावरचा उपाय. नुसते पाणी ढोसणेही बरे नाही, घामाबरोबर मीठही जाते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलेले पेय घरीच करता येते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून ते घ्यावे. दीड तासाहून लांबच्या फेरीत अधूनमधून खाणेही हवे. केळी, गूळ-शेंगदाणे किंवा दशमी पुरे.

वारा आणि ऊस

हिवाळ्यात दख्खनच्या पठारावर साधारणपणे पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून वारा येतो. पहाटे तो मंद असतो, ऊन चढेल तसा वाढतो. उघड्या पाण्यावर त्याला अडवायला काही नसते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे समोरून वारा असताना तोच वेग राखायला बराच जास्त जोर लावावा लागतो. म्हणून वाऱ्याला तोंड देण्याचा टप्पा सकाळी, ताकद असताना उरकावा आणि परतीला वारा पाठीशी ठेवावा.

फिरण्याचा हंगाम आणि उसाच्या गाळपाचा हंगाम एकच असतो. दोन ट्रॉल्या जोडलेले, मागे ना दिवा ना परावर्तक असे ट्रॅक्टर अंधारात अगदी जवळ आल्यावरच दिसतात. मोटारसायकलस्वारालाही हा धोका आहे, सायकलस्वाराला तर अधिकच. पूर्ण उजाडल्यावर निघावे आणि अंधारापूर्वी परतावे. सायकलला मागे लाल दिवा, डोक्यावर हेल्मेट आणि अंगावर भडक रंगाचा कपडा हवा. वेड्या बाभळीच्या काट्यांसाठी जादा ट्यूब सोबत ठेवावी. अवकाळी पाऊस झाला असेल, तर काळ्या मातीचा कच्चा रस्ता टाळावा. चिकट चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बसला, की सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

पाण्याजवळ थांबताना

हिवाळ्यात मराठवाड्यातील जलाशयांवर ब्राह्मणी बदके म्हणजे चक्रवाक उत्तरेकडून येतात. त्यांना लांबून, दुर्बिणीतून पाहावे. पाण्यात मात्र उतरू नये. पाणी ओसरताना काठावर गाळ राहतो, वरून तो वाळलेला दिसतो आणि पाय टाकताच खचतो. बुडालेल्या नदीपात्राची खोली वरून कळत नाही.

जवळचे सास्तूर आणि लातूर जिल्ह्यातील किल्लारी हा सारा परिसर 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या भूकंपात उद्ध्वस्त झाला. सुमारे दहा हजार माणसे दगावली. 1967 च्या कोयना भूकंपानंतर जलाशय आणि भूकंप यांच्या नात्याच्या अभ्यासाला चालना मिळाली होती. किल्लारीनंतर माकणीच्या पाण्याबद्दलही तोच प्रश्न विचारला गेला, त्यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. पुनर्वसित गावांत चहाला थांबले, तर हा इतिहास लोकांच्याच तोंडून ऐकायला मिळतो.

निघण्यापूर्वी

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. साठ किलोमीटरच्या फेरीआधी एकदा तरी चाळीस किलोमीटर सहज जमलेले असावेत. मोटारीने जाणाऱ्यांनी दर दोन तासांनी उतरून पाच-दहा मिनिटे चालावे.

डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही उष्णतेच्या त्रासाची लक्षणे आहेत. सावलीत बसवून, ओल्या कापडाने अंग पुसून, घोटघोट पाणी द्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात काही घालू नये, अंगावर पाणी ओतून गार करावे आणि 108 ला फोन करावा. छातीत दुखले, तर ‘एवढा टप्पा पुरा करू’ असे म्हणू नये. रुग्णवाहिकेला जागा सांगता यावी, म्हणून वाटेतील गावांची नावे क्रमाने कागदावर लिहून खिशात ठेवावीत आणि तीच यादी घरीही द्यावी. काठावर प्रत्येक ठिकाणी मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही.