इंग्रजी धातु आणि त्यांचे उपसर्ग

आमच्या अध्यापनकालांतील एक चूक आम्हांस अद्यापि सलते. आमचा एक माजी विद्यार्थी मुलाखतीसाठीं मुंबईस निघण्याच्या तयारींत असतां त्याच कचेरीचें दुसरें पत्र आलें. मुलाखत ‘कॉल्ड ऑफ’ झाली आहे, असें त्यांत होतें. ‘कॉल’ म्हणजे बोलावणें, हें त्यास आम्हींच शिकविलें होतें. ‘ऑफ’कडे त्यानें लक्षच दिलें नाहीं. बिचारा उसनवारीनें तिकीट काढून गेला, आणि मुलाखत रद्द झाल्याचें तेथील शिपायाच्या तोंडून ऐकून परतला. दोष त्याचा नव्हे; सुटे शब्द घोटविणाऱ्या आमचा होता.

वस्तुतः संस्कृत जाणणारास हा प्रकार नवा नाहीं. ‘गम्’ धातु एकच. परंतु आगमन, निर्गमन, संगम, अनुगमन यांचे अर्थ किती निराळे! भेद इतकाच कीं, आपला उपसर्ग धातूच्या आधीं लागतो, इंग्रजांचा मागून. ‘पुट’ म्हणजे ठेवणें. पण ‘पुट ऑन’ म्हणजे अंगांत घालणें, ‘पुट आउट’ म्हणजे विझविणें, ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणें, आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे निमूटपणें सोसणें. परकीयांस ही रचना फार जड जाते, हें डॉ. जॉन्सन यांनीं १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंतच मान्य केलें आहे.

कधीं कधीं उपसर्गाचा स्वभाव ओळखतां येतो. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणें, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपविणें. येथें ‘अप’ क्रियेची समाप्ति दाखवितो. पण तेवढ्यावर विसंबूं नये. ‘ब्रिंग अप’ म्हणजे लहानाचें मोठें करणें, हें तर्कानें कसें कळावें?

म्हणून जोडी नेहमीं वाक्यासकट शिकावी. तिच्यांतील शब्दांचा क्रमही त्यामुळें अंगवळणीं पडतो. ‘पुट ऑफ’मध्यें सर्वनाम आल्यास तें मध्येंच बसतें: ‘पुट इट ऑफ’. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळ करणें. ही जोडी मात्र अशी फुटत नाहीं: ‘लुक आफ्टर हिम’.

रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर घरांतील वडील मंडळींनीं मुलांस रोज एकच जोडी द्यावी, आणि दिवा मालवणें, सदरा घालणें, धाकट्या भावंडास सांभाळणें अशा घरच्याच गोष्टींवर तिचें वाक्य करवून घ्यावें. शब्द लहान म्हणून त्यास ओलांडून जाऊं नये, एवढेंच आमचें सांगणें. आमच्या विद्यार्थ्यास त्याची किंमत उसन्या पैशांनीं मोजावी लागली.