शिवाजीनगरातली पंगत

१९७२ साली पुण्याच्या शिवाजीनगर भागात दोन चर्चच्या व्रतस्थ भगिनींनी एकच चूल मांडली. एक गट अँग्लिकन, इंग्लंडातल्या वाँटेज इथल्या ‘कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन’चा. दुसरा रोमन कॅथलिक, मुंबईचं सोफिया कॉलेज काढणाऱ्या ‘सोसायटी ऑफ द सेक्रेड हार्ट’चा. कुणी चर्च बदललं नाही, घेतलेली व्रतं सोडली नाहीत. प्रार्थना, अभ्यास, स्वयंपाक आणि आल्यागेल्याची उठबस मात्र एकत्र. या घराचं नाव ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम. चर्चच्या एकोप्यावर परिषदा पुष्कळ होतात, ठरावही होतात. मला तो एकोपा खरा वाटतो तो अशा घरात, जिथे मतभेद असलेली माणसं रोज सकाळी पुन्हा एकमेकांसमोर येतात.

वाँटेजच्या भगिनी पुण्याला परक्या नव्हत्या. १८७७ पासून त्या इथे काम करत होत्या. त्यांचा वावर होता त्या पंचहौद मिशनचं नाव निघालं की पुणेकराला १८९० चं चहाचं प्रकरण आठवतं. लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे अशी मंडळी तिथल्या चहाला गेली आणि गोष्ट ग्रामण्यापर्यंत, प्रायश्चित्तापर्यंत पोचली. कुणी कुणाबरोबर खावं-प्यावं यावर शहर इतकं पेटू शकत होतं, आणि दुसरीकडे गोरा साहेब देशी ख्रिस्ती माणसाला आपल्या टेबलावर सहसा बसवत नव्हता.

ही दुसरी भिंत जॅक विन्स्लो यांना सहन होईना. ते अँग्लिकन मिशनरी, अहमदनगरला काम करणारे. त्यांच्यावर सर्वांत खोल ठसा उमटला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले येशूभक्त एकत्र यावेत, ही त्यामागची कल्पना. १९१९ मध्ये टिळक गेले. १९२२ मध्ये विन्स्लो यांनी काही भारतीय सोबत्यांसह अहमदनगरला ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला आणि पुढच्याच वर्षी टिळकांचं इंग्रजी चरित्रही प्रसिद्ध केलं. शिवाजीनगरच्या आश्रमाचं मूळ इथे, मराठी मातीत आहे. ते ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या तरुणांनी आणलं, असं समजणं अन्यायाचं होईल.

ते तरुण आले १९२७ च्या सुमारास, संघ पुण्याला आला तेव्हा. खादीचे कपडे, जमिनीवर बैठक, शाकाहारी जेवण, इंग्रज आणि भारतीय एका पंगतीला. राज्यकर्त्यांच्या जातीतला माणूस देशी माणसाच्या मांडीला मांडी लावून जेवतो, याचा त्या काळातला अर्थ आज सहज ध्यानात येत नाही. पोलिसांच्या मात्र तो चांगलाच ध्यानात आला असणार, कारण यांतल्या काहींची ओढ उघडपणे गांधीजींकडे होती.

व्हेरिअर एल्विन हे त्यांतलं सर्वांत गाजलेलं नाव. ऑक्सफर्डचे धर्मशास्त्राचे हुशार विद्यार्थी, गांधीजींच्या सहवासात आले आणि बदलले. जमनालाल बजाज यांच्या सांगण्यावरून १९३२ मध्ये ते मैकल डोंगरातल्या करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेले. नागपूरच्या बिशपांनी त्यांना धर्मसेवेचा परवाना दिला नाही, आणि काही वर्षांत त्यांनी चर्चच सोडलं. एल्विन यांच्यावर खूप लिहिलं गेलं. त्यांच्याबरोबर आश्रमातून निघालेल्या शामराव हिवाळ्यांवर फार थोडं. हा मराठी ख्रिस्ती तरुण आयुष्यभर त्या डोंगरांत दवाखाने आणि शाळा सांभाळत राहिला. १९४६ मध्ये त्याचं परधान जमातीवरचं पुस्तक आलं. दोघांत कुणाचं पाचारण अधिक पक्कं होतं असं मला कुणी विचारलं, तर मी शामरावांचं नाव घेईन.

त्याच तरुणांतले अल्जी रॉबर्टसन उलट्या वाटेने गेले. ते इंग्लंडला परतले आणि १९३७ मध्ये तिथे उभ्या राहिलेल्या ‘सोसायटी ऑफ सेंट फ्रान्सिस’ या अँग्लिकन संघाच्या संस्थापकांत त्यांची गणना झाली. म्हणजे इंग्लंडातल्या फ्रान्सिस्कन जीवनाचा एक झरा पुण्यातून गेला आहे. इकडे पुण्यात त्याआधीच, १९३४ मध्ये, संघाचं घर फुटलं होतं. आजन्म ब्रह्मचर्याचं व्रत घेऊन भिक्षूंचा संघ व्हायचं, की गृहस्थांनाही सामावणारा मोकळा आश्रम राहायचं, यावर एकमत झालं नाही. व्रतस्थ बंधूंनी ‘ख्रिस्त प्रेम सेवा संघ’ हे नाव घेतलं. त्यांतले विल्यम लॅश पुढे मुंबईचे बिशप झाले. हळूहळू बंधूंची संख्या रोडावत गेली.

तोवर बाहेरचं जग सरकलं होतं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि अँग्लिकन इतर प्रोटेस्टंटांबरोबर एका चर्चमध्ये आले. कॅथलिकांकडे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दारं उघडली होती. १९६९ मध्ये रोमने भारतातल्या मिस्सेसाठी काही बदलांना मान्यता दिली. पादत्राणं काढून जमिनीवर बसावं, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकावं, पवित्र वस्तूचं चुंबन घेण्याऐवजी तिला बोटांनी स्पर्श करून हात कपाळाला किंवा डोळ्यांना लावावा, मेणबत्तीच्या जागी तेलाचा दिवा चालेल, आरतीही चालेल. आपल्या आजीने देवघरात जे केलं तेच हे. भारतीय चर्चला स्वतःची उपासनापद्धती हवी, अशी मागणी विन्स्लो यांनी १९२० मध्येच पुस्तक काढून केली होती.

बंधूंच्या या आश्रमात भगिनींनी मांडलेल्या १९७२ च्या घरात हे सगळं एकत्र आलं, पण एक गोष्ट आली नाही. कॅथलिक नियमाप्रमाणे एका चर्चची भगिनी दुसऱ्या चर्चच्या वेदीवरचं प्रभुभोजन एरवी घेऊ शकत नाही. एकाच कढईतली भाजी वाटून घ्यायची, आणि ज्या भाकरीसाठी आयुष्य वाहिलं तीच वाटून घेता येऊ नये! भगिनींनी या दुखण्यासह एकत्र राहणं पत्करलं, आणि या घराची थोरवी मला त्यातच दिसते.

पारशी घरात जन्मलेल्या वंदना माताजी सुरुवातीच्या कॅथलिक भगिनींपैकी. त्या आधी सोफिया कॉलेजच्या प्राचार्या होत्या. पुढे उत्तरेत हिमालयाकडे जाऊन त्यांनी जीवनधारा आश्रम काढला. ब्रिटनहून आलेल्या सारा ग्रँट सोफियात तत्त्वज्ञान शिकवत आणि नंतर शिवाजीनगरला आचार्या झाल्या. त्यांचा अभ्यासविषय शंकराचार्यांच्या विचारातला ‘संबंध’. जग ब्रह्मावर पूर्ण अवलंबून आहे, ब्रह्म मात्र जगावर अवलंबून नाही. सारा ग्रँट यांना हीच एकतर्फी नात्याची कल्पना तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसकडेही सापडली. १९८९ मध्ये केंब्रिजच्या ‘टीप’ व्याख्यानमालेत त्यांनी हे मांडलं. त्या व्याख्यानांच्या पुस्तकात त्यांनी स्वतःला अद्वैती ख्रिस्ती म्हटलं, आणि व्रत शेवटपर्यंत सेक्रेड हार्टचंच पाळलं.