अर्धा कोयता आणि नववीचा वर्ग

मुलींच्या शिक्षणाबद्दल आपण पुष्कळ बोललो, आणि बोलायलाच हवे होते. अजूनही ते काम संपलेले नाही. पण या बोलण्यात एक गोष्ट आपण गृहीत धरली. मुलगा काय, तो शिकेलच! गृहीत धरलेल्या गोष्टी एकदा तपासून पाहाव्यात, ही खोड मला बँकेतल्या नोकरीने लावली.

जमैका या छोट्याशा बेटावरच्या देशात हे गृहीतक केव्हाच कोसळले. तिथले शिक्षणतज्ज्ञ एरॉल मिलर यांनी १९८६ मध्ये पुस्तक लिहून सांगितले, की आमचा मुलगा शिक्षणातून बाजूला पडत चालला आहे. त्या भागातल्या विद्यापीठांत आज मुलग्यांपेक्षा मुलींची संख्या जास्त आहे. आपल्याला वाटेल, कुठे जमैका आणि कुठे आपण! पण एवढ्या लांब जायचे कारण नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, पुरुषोत्तमनगरला या.

सहकारी नेते पी. के. अण्णा पाटील यांच्या नावावरून हे नाव पडले. इथे सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. अण्णांनीच शहाद्यात पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळ काढले. एकाच माणसाने ऊसही पाहिला आणि शाळाही पाहिली. पुढे उसाने शेतकऱ्याच्या घरात पैसा आणला आणि त्याची मुले शिकली. जो ऊस तोडतो, त्याच्या घराचा हिशेब मात्र वेगळा आहे.

ऊसतोडीच्या भाषेत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. एकटा माणूस असला, तर तो 'अर्धा कोयता'. माझ्या नोकरीची काही वर्षे उसाच्या पट्ट्यात गेली. हंगामापूर्वी मुकादम जी उचल वाटायचा, ती आमच्या खतावणीत कधी दिसली नाही. पण सगळ्या गावाला पाठ असे. घेतलेली उचल अंगमेहनतीने फेडायची. फिटली नाही, तर पुढच्या हंगामावर चढते. अशा घरात चौदा-पंधरा वर्षांच्या पोराचे हात भरू लागले, की बाप त्याच्याकडे अर्धा कोयता म्हणून पाहू लागतो. बाप निर्दय असतो म्हणून नव्हे, हिशेबच तसा असतो म्हणून.

अक्राणी, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघतात. बरीच सरळ गुजरातेत जातात. गाळपाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. म्हणजे शाळेचे सगळे दुसरे सत्र आणि वर वार्षिक परीक्षा! ऊस आणि शाळा यांचे कॅलेंडर एकमेकांच्या छातीवर बसलेले आहे.

कायदा काय म्हणतो? २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयापर्यंत पोचतो. बालमजुरीचा कायदा २०१६ मध्ये सुधारला, तेव्हा चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवणे बंद झाले. चौदा ते अठरा वयाला फक्त धोक्याच्या कामांची मनाई राहिली. शाळेची सक्ती संपते त्याच वाढदिवशी मजुरीचे दार उघडते. मुलगा त्या वेळी साधारण नववीच्या उंबरठ्यावर असतो. खरी मेख इथेच आहे.

मग पटावरचे आकडे चांगले कसे दिसतात? बँकेत आम्ही एक धडा शिकलो होतो. खाते उघडले म्हणजे ठेव वाढली, असे होत नाही. वर्षभर एकही नोंद न पडलेली खाती ढिगाने असत, आणि अहवालात तीही मोजली जात. जूनमध्ये पटावर चढलेले नाव फेब्रुवारीत बाकावर आहे का, हे विचारल्याशिवाय पटसंख्येला अर्थ नाही. 'असर'ने २०२३ मध्ये २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत पाहणी केली. चौदा वर्षांची जेमतेम चार टक्के मुले शाळेबाहेर होती, अठरा वर्षांची मात्र सुमारे तेहतीस टक्के. शिक्षण सोडण्याचे कारण म्हणून मुलग्यांनी सर्वांत जास्त वेळा 'रस नाही' असे सांगितले.

या 'रस नाही'चा अर्थ नीट लावायला हवा. घरी भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकातली मराठी परकी असते. मागचे हंगाम बुडालेले असतात, म्हणून गणित कळत नाही. आणि दहावी झाल्यावर नोकरी मिळेलच, असे त्याला कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आमच्या पिढीत मॅट्रिकच्या दाखल्यावर कारकुनी मिळे. आता तसे नाही, हे पोरालाही कळते.

२०११ च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता सुमारे ६४ टक्के, राज्यात सर्वांत कमी होती. लोकसंख्येत आदिवासी सुमारे ६९ टक्के. इथल्या मुलासाठी करण्यासारखे पुष्कळ आहे. आईबाप हंगामाला गेले, तरी पोर गावातच राहील असे हंगामी वसतिगृह. बुडालेला अभ्यास भरून काढणारे वर्ग. आठवीनंतरही चालू राहणारा कायद्याचा हक्क. एसटीने मुलींचा शाळेचा प्रवास मोफत केला, हे उत्तमच झाले. मुलग्याला पासात सवलत मिळते, उरलेले पैसे भरावे लागतात. गरिबाच्या घरात तेवढ्यानेही निर्णय फिरतो.

उचल ही मुलाच्या भविष्यावर काढलेली हुंडी आहे. ती वटवायची वेळ आली, की बाप मुलालाच पुढे करतो, कारण घरात दुसरे तारण नसते. ते दुसरे तारण समाजाने आणि सरकारने द्यायचे आहे. साखरेचा चहा आपण सगळेच पितो. त्या उसाच्या फडात नववीचा एक वर्ग उभा आहे, एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे.